मॅकेनाज गोल्ड: अमेरिकेत पडलेला सिनेमा लालबागच्या भिंतीवर कसा टिकला?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचलात तरी चालेल.

आजची गोष्ट एका सिनेमाची. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो सिनेमा नव्हताच. लालबागच्या आमच्या चाळीत वीज गेली होती. काकांनी मेणबत्ती पेटवली, तिच्यासमोर पाण्याची बाटली उभी केली आणि आम्हा पोरांना म्हणाले, "गप बसा, आता सूर्य उगवतोय." मग ते मेणबत्ती हळूहळू सरकवत गेले. बाटलीची लांबच लांब सावली भिंतीवरून सरकत सरकत एका तड्यापाशी आली. गिलावा उडालेला तो तडा आमच्या रोजच्या पाहण्यातला होता. पण काका कुजबुजले, "हीच ती खिंड. हिच्या पलीकडे सोनं." आणि आम्ही चार पोरं त्या तड्याकडे श्वास रोखून बघत राहिलो.

'मॅकेनाज गोल्ड'. साल 1969. तुमच्या घरात साठी-सत्तरीचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर हे नाव घेऊन बघा. चेहरा बदलतो.

गंमत अशी की हा सिनेमा ज्या देशात तयार झाला, तिथे तो आपटला. इथे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. असं का झालं, ते आज बघूया.

आधी गोष्ट, थोडक्यात

अमेरिकेतल्या वाळवंटी मुलखात अपाचे लोकांची एक गुप्त दरी आहे आणि तिच्यात सोनंच सोनं आहे, अशी आख्यायिका. अॅडम्स नावाचा एक माणूस तिथे पोचला होता. अपाचेंनी त्याला जिवंत सोडलं, पण त्याचे डोळे काढून घेतले. पुढे मॅकेना नावाच्या मार्शलच्या हाती एका मरणाऱ्या म्हाताऱ्या अपाचेकडून त्या दरीचा नकाशा येतो. मॅकेनाचा या सगळ्यावर विश्वास नाही. तो नकाशा बघतो आणि जाळून टाकतो. झालं! आता नकाशा फक्त त्याच्या डोक्यात. मग कोलोरॅडो नावाचा दरोडेखोर त्याला पकडतो आणि म्हणतो, चल, वाट दाखव.

मॅकेना म्हणजे ग्रेगरी पेक, कोलोरॅडो म्हणजे ओमर शरीफ. दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन, 'गन्स ऑफ नॅव्हरोन'वाला. संगीत क्विन्सी जोन्सचं, हो, पुढे मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' करणारा तोच. गिधाडाचं ते गाणं होझे फेलिसियानोनं गायलंय.

पुढचा प्रवास सगळा पाठलागाचा. घोडदळ मागे, अपाचे पुढे, मध्ये तराफ्यावरून नदी. ज्युली न्यूमारचा पोहण्याचा एक प्रसंग आहे, तो आला की काका पाणी प्यायला उठतात. शेवटी पहाटे सगळे एका उंच सुळक्यापाशी थांबतात. सूर्य उगवतो, सुळक्याची सावली समोरच्या कड्यावर सरकत जाते आणि एका खिंडीवर बोट ठेवते. आत दरी, आणि दरीच्या भिंतीत पिवळीधमक सोन्याची शीर.

ट्रेकला जाणाऱ्यांनी माहुलीजवळचा वजीर सुळका पाहिला असेल. तसाच एक सुळका, पण साडेसातशे फुटांच्या आसपास उंच. अॅरिझोनातल्या कॅन्यन डी शे या दरीत तो खरोखर उभा आहे. त्याचं नाव स्पायडर रॉक. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

अमेरिकेत काय बिनसलं?

चित्रीकरण झालं 1967 मध्ये. त्या सेटवर कोलंबिया कंपनीनं काही विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. त्यातल्या एका पोरानं स्टार, घोडे, गोळीबार सगळं सोडून नुसतं वाळवंट, ढग आणि ऊन टिपलं. त्याचं नाव जॉर्ज लुकास. पुढे 'स्टार वॉर्स' आणि इंडियाना जोन्स ज्याच्या डोक्यातून आले तो.

खर्च झाला सुमारे 70 लाख डॉलर. मूळ बेत मध्यंतरासकट जवळजवळ तीन तासांच्या भव्य सिनेमाचा होता. स्टुडिओनं कात्री चालवली आणि सव्वादोन तासांच्या आत आणला. त्यामुळे काही पात्रं येतात आणि नीट ओळख व्हायच्या आत मरतात. तोवर अमेरिकेतल्या तरुण प्रेक्षकाची आवडही पालटली होती. 1969 हे 'ईझी रायडर'चं साल. मार्शल, दरोडेखोर आणि घोडे त्यांना जुनाट वाटायला लागले होते. सिनेमाचा खर्चही तिथे निघाला नाही.

पण दोन देशांनी त्याला डोक्यावर घेतलं. एक सोव्हिएत रशिया. तिथे सहा कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. आणि दुसरा आपला.

मुंबईत काय जुळलं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. इंग्रजी यायची गरज नव्हती. माझे काका मराठी शाळेतले. ग्रेगरी पेक काय पुटपुटतो ते त्यांना आजही कळत नाही. पण नकाशा, सोनं, लोभ, दगा, बदला यांना भाषा कशाला लागते? आमच्या दशावतारात संकासुर आला की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं, तसंच हे.

दुसरं कारण पडद्याचं. तेव्हाची मुंबई थिएटरांनुसार वाटलेली होती. लालबागचं भारतमाता म्हणजे मराठी सिनेमा. दादरला प्लाझा, लॅमिंग्टन रोडला मिनर्वासारखी हिंदीची मोठी थिएटरं. आणि इंग्रजी बघायचा तर खाली फोर्ट, कुलाबा, धोबीतलावकडे. गिरणगावातल्या पोरासाठी ती सफरच. काका आणि त्यांचे मित्र जाताना बसनं गेले आणि येताना पैसे संपले म्हणून चालत आले. थिएटरचं नाव मात्र ते दर वेळी वेगळं सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांबरोबर वाढलेल्या पोराला अचानक भिंतभर आकाश, नजर पोचणार नाही एवढी मोकळी जमीन. ते म्हणतात, "सोन्याचं सोड रे. एवढी रिकामी जागा मी आधी कधी बघितलीच नव्हती."

तिसरं कारण इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. हॉलिवूडच्या कंपन्या आणि भारत सरकार यांच्यातला सिनेमे आणण्याचा करार 1971 मध्ये संपला. पैसे बाहेर न्यायच्या प्रश्नावरून दोघांचं फाटलं आणि नवा करार व्हायला 1975 उजाडलं. मधल्या वर्षांत नवे हॉलिवूड सिनेमे येणं जवळपास बंद. पण थिएटरं तर चालवायची होती! मग आधी आलेल्या सिनेमांच्या प्रिंटा पुन्हा पुन्हा फिरल्या. सकाळचे खेळ, मॅटिनी, रविवारचे खेळ. धावत्या घोड्यांचा, भूकंपाचा, दर खेपेला नवी पोरं मिळवणारा सिनेमा अशा काळात मरत नाही, उलट मुरतो. मोठ्या भावानं पाहिलेला धाकटा पाहतो, आणि धाकट्यानं पाहिलेला शेजारचा.

याच वातावरणात 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' आला. डाकू, घोडे, उघडे कातळ. तो मिनर्वात पाच वर्षं चालला. वेस्टर्न सिनेमाची चव मुंबईच्या प्रेक्षकाला आधीच लागली होती, हे त्यामागचं एक कारण धरायला हरकत नाही. पुढे 1988 मध्ये धर्मेंद्र आणि शत्रुघ्न सिन्हाला घेऊन 'जलजला' नावानं मॅकेनाचीच गोष्ट हिंदीत आली. ती कुणी भिंतीवर मेणबत्तीनं करून दाखवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गुप्तधन आपल्याला नवं नव्हतं

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गिरणगावातली बहुतेक घरं कोकणातून, घाटावरून आलेली. आणि प्रत्येक गावात एक हंडा पुरलेला असतोच! पडक्या वाड्यात, जुन्या चिंचेखाली, देवळामागे. त्यावर नाग बसलेला असतो. आणि तो हंडा दिसतो फक्त पायाळू माणसाला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला. आजीकडून हे ऐकलं नसेल असा कोकणी पोरगा शोधून दाखवा.

आता बघा, मॅकेनाच्या गोष्टीत आणि आजीच्या गोष्टीत फरक तो काय? नागाच्या जागी अपाचे. पायाळूच्या जागी अॅडम्स. फक्त उलट आहे: आपला पायाळू जमिनीखालचं बघतो, आणि अॅडम्सनं बघितलं म्हणून त्याचे डोळे गेले. दोन्हीकडे सांगणं एकच, की हे धन कुणाचं तरी आहे आणि ते राखलेलं आहे.

कायद्यालाही या गोष्टींची दखल घ्यावी लागली. इंग्रजांनी 1878 मध्ये गुप्तधनाचा कायदा केला. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. मूळ मालक कुणी निघाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, अशी वाटणीसुद्धा त्यात लिहिलीय.

म्हणून वाटतं, लालबागच्या पोरानं पडद्यावर परदेश पाहिलाच नाही. त्यानं आजीची गोष्ट घोड्यावर बसलेली पाहिली.

साल 1864

आता थोडं मागे जाऊ. कारण इथे एक असा योगायोग आहे की तो सापडल्यावर मी हा भाग करायचाच ठरवला.

अॅडम्सची गोष्ट सिनेमावाल्यांनी पूर्ण हवेतून काढलेली नाही. अमेरिकेच्या नैऋत्य भागात 'हरवलेली अॅडम्सची खाण' ही आख्यायिका खरोखर सांगितली जाते. अॅडम्स नावाचा माणूस काही सोनं शोधणाऱ्यांबरोबर एका घळीत गेला, सोनं सापडलं. अपाचेंच्या नाना नावाच्या प्रमुखानं बजावलं, की धबधब्याच्या वर जाऊ नका. हे गेले. बहुतेक सगळे मारले गेले. अॅडम्स वाचला, आणि उरलेलं आयुष्य ती घळ शोधत राहिला. ती आजवर कुणालाच सापडलेली नाही. आख्यायिकेतलं साल: 1864.

आता तो स्पायडर रॉक. सिनेमात तो मुलूख अपाचेंचा दाखवलाय, पण प्रत्यक्षात ती दरी नाव्हाहो लोकांची. त्या सुळक्याच्या माथ्यावर कोळी-आजी राहते आणि ऐकत नसलेल्या पोरांना उचलून नेते, असं तिथले लोक मुलांना सांगतात. दरीत सोनं नव्हतं. शेतं होती, मेंढ्या होत्या आणि पीचच्या बागा होत्या. तिथे किट कार्सनच्या हाताखालची फौज घुसली. धान्य जाळलं, पुढे पीचची झाडं तोडली. आठ हजारांहून जास्त माणसांना तीनशे मैलांहून लांब चालवत एका छावणीत नेलं. वाटेत आणि छावणीत कितीतरी मेली. 1868 च्या तहानंतर उरलेले परत आले, आणि आजही नाव्हाहो कुटुंबं त्या दरीत शेती करतात. फौज दरीत शिरली ते साल: 1864.

आणि याच साली आपली मुंबई काय करत होती?

मुंबईच्या अंगात सोनं शिरलं होतं. अमेरिकेत 1861 ला यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं अडलं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे हात पसरला. कापसाचे भाव असे चढले की लोकांनी गाद्या फाडून आतला कापूस विकला असं सांगतात. पैसा आला, पैशाबरोबर कंपन्या आल्या. बँका, विमा, आणि समुद्रात भराव टाकून जमीन काढायच्या कंपन्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाब्यापर्यंतचा जो समुद्र गिरगाव चौपाटीवरून दिसतो, तो भरून सोन्यासारखी जमीन काढायची! तिचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. आपला राजाबाई टॉवर त्याच्या देणगीतून आणि त्याच्या आईच्या नावानं उभा आहे.

मग एप्रिल 1865 मध्ये जनरल लीनं शरणागती पत्करली, युद्ध संपत आलं. कापूस कोसळला. 1 जुलै 1865 ला सौदे पुरे करायचा दिवस आला आणि देणी भागवायला पैसाच नव्हता. शेअर म्हणजे रद्दी. खुद्द बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. 1864 च्या शिरगणतीत मुंबईत 8,16,562 माणसं होती. 1872 मध्ये 6,44,405. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी.

मेणबत्ती, सावली, खिंड आणि शेवटी भूकंप. सिनेमा काढायच्या शंभर वर्षं आधी मुंबईनं तो जगून पाहिला होता.

हॅडलीबर्गची सभ्य मंडळी

सिनेमात एक प्रसंग आहे, तो मला लहानपणी कंटाळवाणा वाटायचा. आता तोच सगळ्यात चांगला वाटतो. सोन्याची बातमी गावात फुटते आणि हॅडलीबर्गची सभ्य मंडळी येऊन टोळीला मिळतात. वर्तमानपत्राचा संपादक, धर्मोपदेशक, दुकानदार, दोन इंग्रज, आणि तो आंधळा अॅडम्सही. दरोडेखोर सोन्यामागे जाणारच, त्यात नवल काय? पण ही शाळेच्या समारंभात पहिल्या रांगेत बसणारी माणसं. 'हॅडलीबर्ग' हे नाव मार्क ट्वेनच्या कथेतलं आहे, स्वतःच्या प्रामाणिकपणाचा गर्व असलेलं आणि पैशाची थैली दिसताच पाघळलेलं गाव.

1864 च्या मुंबईत शेअर घेणारे असेच होते. सट्टेबाज तर होतेच, पण अधिकारी, वकील, व्यापारी, कारकून, सगळेच होते.

आणि मंडळी, लालबाग-परळमध्ये राहून ही यादी इथेच थांबवता येत नाही.

18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकेक बंद पडल्या. आणि तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं की कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग आहे. साधारण सहाशे एकर, शहराच्या मधोमध. गेली शंभर-सव्वाशे वर्षं त्यावर भोंगा वाजत होता, धूर निघत होता, कुणाला ते सोनं वाटलं नव्हतं.

1991 च्या नियमानं वाटणी ठरवली: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. गुप्तधनाच्या कायद्यासारखंच, हिस्से ठरवून. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्ट एक म्हणालं, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं बदललेला नियम कायम ठेवला. त्याआधीच 2005 मध्ये सरकारी गिरण्यांचे लिलाव झाले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना, दादरची कोहिनूर नंबर 3 421 कोटींना.

कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली जून 2012 मध्ये. घरं 6,925. अर्ज दीड लाखाच्या आसपास.

हे आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण सिनेमाचा शेवट आठवतो. मॅकेनाच्या गोष्टीत डोंगर कोसळतो आणि सोनं कुणालाच मिळत नाही. ते बघताना थिएटरातल्या पोराला बरं वाटतं. कुणालाच नाही, म्हणजे न्याय झाला. गिरणगावात डोंगर कोसळला नाही. टॉवर उभे राहिले. आणि 1864 ला कॅन्यन डी शेमधून जशी सोनं न शोधणारी, फक्त तिथे राहणारी माणसं बाहेर काढली गेली, तशी इथलीही कितीतरी माणसं विरार, बदलापूर, नाहीतर परत गावाला गेली. कुणी बंदूक लावून नेलं नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मला पुसायचा नाही. पण चाळीतलं एकेक दार बंद होत गेलं, ते आम्ही बघितलंय.

मला वाटतं म्हणूनच हा सिनेमा टिकला. घोडे, सोनं, ज्युली न्यूमार यांनी पोरांना आत ओढलं. पण चाळिशीनंतर तीच पोरं ज्याची आठवण काढतात तो भाग वेगळा आहे. सोन्याची बातमी फुटली की कोण कोण धावत येतं, आणि त्या दरीत आधीपासून कोण राहत होतं.

खोगिराच्या पिशव्या

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. सिनेमाच्या अगदी शेवटी मॅकेना मिळेल त्या घोड्यावर बसून पळतो. त्याला सोनं नको होतं, आणि तो रिकाम्या हातानं चाललाय असं त्याला वाटतं. कॅमेरा खाली येतो. खोगिराच्या पिशव्या सोन्याच्या गोळ्यांनी भरलेल्या. त्याला माहीतच नाही.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी काकांना फोनवर तो शेवट दाखवला. सहा इंचांच्या स्क्रीनवर. ते चष्मा वर करून बघत होते. मी विचारलं, "काका, तुम्ही त्याच्या जागी असता आणि पुढे कधीतरी पिशवी उघडली असती तर काय केलं असतं?"

"इथेच खोली घेतली असती," ते म्हणाले, "मोठी."

मग त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि सावलीचा प्रसंग परत लावला. मीही बघत बसलो.

तुमच्या घरात कुणी हा सिनेमा थिएटरात पाहिला असेल तर त्यांना विचारा: कुठे, कुणाबरोबर, आणि घरी कसे आले? आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.